चौशिंगा आणि आग्या मोहोळ

आम्ही उस्मानपुऱ्यांत राहतों. येथें चौशिंगा दृष्टीस पडणें शक्य नाहीं. आग्या मोहोळ मात्र शहरांतील उंच इमारतींसही लटकलेलें आढळतें. हे दोन्ही जीव आज संकटांत आहेत. त्यांची तुलना केली असतां आपलें कर्तव्य स्पष्ट होतें.

चौशिंगा हा केवळ भारत व नेपाळ या देशांत आढळणारा, खांद्यापाशीं सुमारें २ फूट उंचीचा लहान कुरंग होय. लोक त्यास हरीणच म्हणतात. नराच्या डोक्यावर चार शिंगें असतात. जगांतील दुसऱ्या कोणत्याही रानटी पशूची अशी ठेवण नाहीं. त्यास वरचेवर पाणी लागतें, म्हणून तो ओढ्यापासून फार दूर जात नाहीं. मेळघाट व ताडोबा येथील वनांत तो आहे.

आग्या माशी उंच फांदीस किंवा कड्यास एकच उघडें पोळें बांधते. फुलोरा संपला म्हणजे थवा दूर निघून जातो, आणि पुढील हंगामांत पुष्कळदा त्याच जागीं परततो.

आयुधें दोघांसही आहेत. परंतु कुत्र्यांच्या टोळीपुढें चार शिंगें पुरत नाहींत, आणि पेटत्या टेंभ्यापुढें हजारों नांग्या व्यर्थ होतात.

आतां भेद पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत चौशिंगा आहे. ही माशी नाहीं. चौशिंग्यासाठीं अभयारण्याची सीमा आंखतां येते. फुलांमागें फिरणाऱ्या माशीस कोणती सीमा घालावी? शिवाय चौशिंगा गेला तर रान उणें होईल. माशी गेली तर आपलें शेतही उणें होईल. सूर्यफुलाचे दाणे भरणें व कांद्याचें बीं धरणें हें पुष्कळ अंशीं मधमाश्यांवर अवलंबून आहे. जो एका घागर मधासाठीं मोहोळ जाळतो, तो पुढील वर्षांचा मध व शेजाऱ्याचें पीक हीं दोन्ही जाळतो.

मग काय करावें? मध काढतांना केवळ मधाचा भाग कापावा; अंडीं व अळ्या असलेलें पोळें तसेंच राहूं द्यावें. पीक फुलांत असतां विषारी औषध फवारूं नये. फवारणें भागच पडलें तर माश्या परतल्यावर, सायंकाळीं फवारावें. रानांत कुत्रीं मोकळीं सोडूं नयेत, आणि पाणवठा अडवूं नये.

चौशिंगा वांचावा म्हणून आपण त्याच्या रानापासून दूर राहिलें पाहिजे. मोहोळ तर आपल्याच बांधावर आहे. तें वांचावें म्हणून आपला हात सुधारला पाहिजे.