युद्धकाळातील बालपण : तीन फ्रेंच चित्रपट आणि मराठवाड्याची स्मृती

आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ मध्ये पडद्यावर आला. त्याच्या आदल्याच वर्षी रने क्लेमां यांच्या ‘निषिद्ध खेळ’ या फ्रेंच चित्रपटास व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह लाभला. बालमनाची घडण हा दोन्ही कृतींचा विषय होय. श्याम चुकतो, परंतु त्याला सावरणारी आई घरात आहे. जून १९४० च्या हवाई हल्ल्यात आईवडील गमावलेल्या पॉलेटला तो आधार नाही. शेतकऱ्याच्या घरातील मिशेलसह ती मेलेल्या जीवांसाठी दफनभूमी थाटते आणि त्यासाठी तो क्रूस चोरतो. मृत्यूचा अर्थ लावण्याची मुलांची ही धडपड मोठ्यांना केवळ चोरी वाटते.

लुई माल हाच प्रश्न अधिक कठोरपणे मांडतात. त्यांच्या ‘लाकोंब ल्युसिएँ’ (१९७४) मधील खेडवळ पोराला प्रतिकार चळवळीतील शिक्षक कोवळा म्हणून परत पाठवतो. पुढे तोच पोरगा जर्मनांच्या हस्तकांना सामील होतो. ‘निरोप, मुलांनो’ (१९८७) हा चित्रपट माल यांच्या शाळेतील जानेवारी १९४४ च्या घटनेवर बेतलेला आहे. वर्गात गेस्टापोचा अधिकारी लपलेल्या ज्यू मुलाचा शोध घेत असताना ज्युलिएँ नकळत मित्राकडे पाहतो. ती नजर अधिकारी टिपतो. मूल येथे इतिहासाचे निव्वळ साक्षीदार राहत नाही. आपल्या वाट्याची जाणीव होणे, हेच त्याचे मोठे होणे ठरते.

ही दृष्टी मराठवाड्याच्या स्मृतिलेखनासही उपयुक्त आहे. गेवराई तालुक्यातील तलवाड्यासह सारा बीड जिल्हा तेव्हा निजामी राजवटीखाली होता. रझाकारांची दहशत, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई आणि त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेला, पंडित सुंदरलाल समितीने नोंदवलेला हिंसाचार, हे सारे एकाच पिढीच्या बालपणात घडले. मुक्तिसंग्रामाच्या गौरवाने यातील शेवटचा भाग झाकला जाऊ नये. तसेच त्या भागाच्या नावाखाली रझाकारी अत्याचारही विसरले जाऊ नयेत.

त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीला टेकली आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवताना ‘काय सोसले?’ एवढेच विचारून भागणार नाही. कोणता सवंगडी पुन्हा दिसला नाही, आणि त्याच्याविषयी घरात कोणी काही का बोलले नाही, हेही अभ्यासकांनी विचारले पाहिजे.