दारव्ह्याच्या सर्व्हरबद्दल

दारव्हा

चि. भाच्यास,

जिनिंगच्या सर्व्हरवर काय टाकायचं, हे तू विचारलंस. फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो.

डेबियन टाक. ते कुणा एका कंपनीच्या हातात नाही, म्हणून. सेंटओएस 8 वर लोकांनी 2029 पर्यंतचा हिशेब धरला होता. डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं, 2021 संपलं की तेही संपलं. फुकट होतं, कोडही खुला होता, पण दोरी एका कंपनीच्या हातात होती. डेबियन 1993 पासून स्वयंसेवक चालवतात, प्रमुखसुद्धा दरवर्षी मतदानाने निवडतात. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही त्याच्यावरच उभं आहे. 'स्टेबल'च घे, म्हणजे ऑगस्ट 2025 ची 13 वी आवृत्ती. सुरक्षेच्या दुरुस्त्या पाचेक वर्षं येत राहतात. टाकताना डेस्कटॉपची खूण काढ, एसएसएचची ठेव.

उबंटूवर तुझा हात बसला असेल तर मी अडवणार नाही. फ्रीबीएसडी मला स्वतःला फार आवडतं. पण तू नागपुरात असणार, आणि रात्री मशीन अडलं तर इथे ते जाणणारा कोण? लिनक्सवाला पोरगा यवतमाळला तरी सापडतो.

आता खरं सांगायचं ते. मी कामाला होतो त्या ठिकाणी एका हंगामात लाइन गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, आणि डिस्क पुन्हा उठलीच नाही. बॅकअप रोज घेत होतो, पण त्याच डिस्कवर. शेतकऱ्यांना निरोप धाडून काटापावत्या परत मागवल्या. सदऱ्याच्या खिशात घडी घालून ठेवलेल्या, घामाने शाई पसरलेल्या. कुठे 14 क्विंटल की 19, ते कळेना. एका म्हाताऱ्याची पावती धुण्यात गेली होती. तो काट्याजवळ उभा राहून पुन्हा पुन्हा तोच आकडा सांगत होता, आणि माझ्यापाशी पडताळायला काही नव्हतं. ती चूक माझी होती.

तेव्हा रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर घे आणि एक गावाबाहेर, तुझ्याकडे ठेव. यूपीएसची बॅटरी दसऱ्याआधी बदल. आणि कापूस यायच्या आधी एक दिवस इकडे ये. कोऱ्या डिस्कवर डेबियन टाकून आदल्या दिवसाच्या पावत्या माझ्यासमोर परत आणून दाखव. डिस्क मी आणून ठेवली आहे.

तुझा मामा