मांजरींच्या स्तनांतील गाठी : कर्करोगाचा प्रसार कसा ओळखावा

भोपाळ शहराच्या उत्तर भागात करोंद येथे मोठी कृषी उपज मंडी आहे. जेथे धान्य साठते तेथे उंदीर येतात आणि उंदरांपाठोपाठ मांजरेही वस्तीस येतात. मंडीच्या परिसरात काय किंवा खेड्यातील कणगीपाशी काय, मांजर हा घरातीलच एक जीव मानला जातो. तथापि गाई-म्हशींच्या कासेकडे पशुपालक जितक्या बारकाईने पाहतात, तितके लक्ष मांजरीच्या सडांकडे दिले जात नाही. परिणामी तेथील लहान गाठ महिनोन् महिने दृष्टीआड राहते.

ही गाठ साधी मानून चालत नाही. मांजरींच्या स्तनांत आढळणाऱ्या दर दहा गाठींपैकी आठ ते नऊ गाठी कर्करोगाच्या असतात. हा रोग बहुधा १० ते १२ वर्षे वयाच्या मांजरींत दिसतो. सयामी जातीत तो अधिक प्रमाणात व कमी वयात होतो. तरुण किंवा गाभण मांजरीचे स्तन एकाएकी सुजले, तर तो संप्रेरकांमुळे होणारा निरुपद्रवी विकारही असू शकतो. म्हणून निदान पशुवैद्यकानेच करावे.

गाठ कशी शोधावी

मांजरीस साधारणतः स्तनांच्या चार जोड्या असतात. महिन्यातून एकदा तिला मांडीवर घेऊन काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंनी बोटांनी हळुवार चाचपावे. ज्वारीच्या दाण्याएवढी टणक गाठ लागली तरी ती नोंदवून ठेवावी व मांजरीस दवाखान्यात न्यावे. गाठ वाढते की काय हे पाहत बसू नये. शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींच्या अभ्यासांत असे दिसून आले आहे की, गाठ २ सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढल्यास मांजरी बहुधा ३ वर्षांहून अधिक जगतात. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी झाल्यावर मात्र हा काळ अवघ्या सहा महिन्यांच्या आसपास येतो.

रोग कोठे पसरतो

कर्करोगाच्या पेशी प्रथम जवळच्या लसिका ग्रंथींत शिरतात. पुढील स्तनांतील रोग बहुधा काखेतील ग्रंथींकडे, तर मागील स्तनांतील रोग जांघेतील ग्रंथींकडे जातो. तेथून तो फुप्फुसे, फुप्फुसांभोवतीचे आवरण व यकृत येथवर पोहोचतो. बाहेरून दिसणारी गाठ पोटावर असली तरी मांजरीचा जीव बहुधा छातीतील रोगाने जातो, हे ध्यानात ठेवावे.

प्रसाराची तपासणी

शस्त्रक्रियेपूर्वी पुढील तपासण्या करून घेणे इष्ट होय.

१. लसिका ग्रंथी : त्या हातास मोठ्या लागल्या नाहीत म्हणून निर्दोष समजू नयेत. बारीक सुईने त्यांतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतात.

२. छातीचे क्ष-किरण चित्र : डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर व पाठीवर अशा तिन्ही स्थितींत चित्रे घ्यावीत. एकाच चित्रात फुप्फुसातील गाठ झाकली जाण्याचा संभव असतो. अगदी बारीक गाठी या चित्रांत दिसत नाहीत. त्या सीटी स्कॅनमध्ये दिसू शकतात. म्हणजेच चित्र स्वच्छ असले तरी प्रसार झालाच नाही, अशी खात्री देता येत नाही.

३. पोटाची सोनोग्राफी : हिच्या साहाय्याने यकृत व पोटातील ग्रंथी पाहता येतात.

४. छातीतील पाणी : पाणी साचले असल्यास सुईने काढल्यावर मांजरीस श्वास घेणे सोपे जाते, आणि त्या पाण्यातील पेशी तपासून निदानासही मदत होते.

केवळ रक्ततपासणीवरून रोगाचा प्रसार कळत नाही. भूल देण्यापूर्वी मूत्रपिंड व यकृत यांची स्थिती जाणण्यासाठी मात्र ती उपयुक्त ठरते.

घरी ठेवावयाची नजर

मांजर शांत झोपलेली असताना छातीची हालचाल एक मिनिट मोजावी. श्वासांची संख्या वारंवार ३० च्या वर जात असल्यास पशुवैद्यकास दाखवावे. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागल्यास विलंब न करता दवाखाना गाठावा. वजन घटणे, भूक मंदावणे व गाठीवर जखम होणे ही लक्षणेही दुर्लक्षू नयेत. वेदना कमी व्हाव्यात म्हणून माणसांची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजरीस कदापि देऊ नये. ती तिला विषासमान आहे. शस्त्रक्रियेनंतरही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक काळाने छाती व ग्रंथी पुन्हा तपासून घ्याव्यात.

प्रतिबंध

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, मांजरीची नसबंदी सहा महिन्यांच्या आत केल्यास या रोगाचा धोका ९१ टक्क्यांनी, तर एक वर्षाच्या आत केल्यास ८६ टक्क्यांनी कमी होतो. दोन वर्षांनंतर केलेल्या नसबंदीचा या बाबतीत लाभ दिसून आला नाही. माज थांबविण्यासाठी संप्रेरकाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने देण्याने हा धोका वाढतो. यास्तव ती टाळावीत.

हा रोग मांजरीपासून माणसास होत नाही. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना समजावून सांगावी, म्हणजे आजारी मांजरीस भीतीपोटी घराबाहेर घालविले जाणार नाही. दर महिन्याची दोन मिनिटांची तपासणी, गाठ सापडताच तिचे मोजमाप आणि शस्त्रक्रियेपूर्वी छातीची तपासणी, एवढे केले तरी योग्य उपचाराचा निर्णय वेळेवर घेता येईल. रोग फार पसरला असल्याचे आढळले, तर निरर्थक शस्त्रक्रियेच्या यातना टळून त्या मुक्या जीवाचे उरलेले दिवस सुसह्य करता येतील.