दमयंती तांबे : एका खेळाडूचे धैर्य

महाभारतातील नळ-दमयंतीचे आख्यान आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. घोर अरण्यात नळ सोडून गेला, तरी दमयंतीने धीर सोडला नाही. चहूकडे दूत पाठवून तिने अखेर त्याला शोधून काढले. त्याच नावाच्या, आपल्याच काळातील एका मराठी स्त्रीची हकीकत ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे, आणि विशेषेकरून त्यांच्या मुलींपुढे, ठेवीत आहोत. ही दमयंती बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती होती. शोध तिच्याही वाट्याला आला. आख्यानातील सुखाचा शेवट मात्र तिच्या वाट्याला आला नाही.

प्रथम खेळाविषयी चार शब्द. बॅडमिंटनचे नाव इंग्लंडातील एका वाड्यावरून पडले असले, तरी त्याच्या आरंभीच्या नियमांशी आपल्या पुण्याचा निकट संबंध आहे. 1870 च्या सुमारास पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, आणि कित्येक दिवस त्याला ‘पूना’ असेच म्हणत. एकेरी सामन्याचे अंगण 44 फूट लांब व 17 फूट रुंद असते. मधली जाळी खांबांपाशी 5 फूट 1 इंच व मध्यावर 5 फूट उंच असते. सोळा पिसांचे फूल जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे. दिसायला खेळ नाजूक वाटतो. पण ज्याने एक सामना मन लावून खेळला आहे, त्याला विचारावे! क्षणात पुढे धाव, क्षणात मागे. पायांना उसंत नाही आणि डोळ्यांना तर नाहीच.

जुन्या नियमांतील एक गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. पूर्वी जो सर्व्हिस करी, त्यालाच गुण मिळे. समोरच्याने फटका जिंकला तर त्याला गुण मिळत नसे, केवळ सर्व्हिस मिळे. पुरुषांचा डाव 15 गुणांचा, स्त्रियांचा एकेरी डाव 11 गुणांचा. त्यामुळे कधी कधी सर्व्हिस इकडून तिकडे जाई, घाम गळे, श्वास फुले, आणि फलकावरील आकडा मात्र जागचा हलत नसे. तरीही खेळाडूने टिकून राहावयाचे, कारण शेवटचा गुण जाईपर्यंत कोणी हरलेला नसतो. 2006 साली नियम बदलले. आता स्त्री-पुरुष सर्वांचा डाव 21 गुणांचा असतो व प्रत्येक फटक्याला गुण मिळतो. दमयंतीबाई मात्र त्या जुन्या, चिकाटीच्या नियमांत वाढलेल्या.

त्यांच्या आधी ही वाट कोणीतरी मोकळी केली होती, हे विसरून चालणार नाही. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर हे नामांकित क्रिकेटपटू. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 व 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यांच्या तारा, सुंदर व सुमन ह्या कन्यांनी 1940 नंतरच्या दशकात बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले. मुलीने चारचौघांत धावणे हेच जेव्हा अनेक घरांत अयोग्य मानीत, त्या काळातली ही गोष्ट आहे. एका बापाने हो म्हटले, म्हणून तीन मुली अंगणात उतरल्या. पुढे उत्तर प्रदेशच्या मीना शहा ह्यांनी सात वेळा राष्ट्रीय एकेरी विजेतेपद पटकाविले, आणि 1962 साली अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या बॅडमिंटनमधील त्या पहिल्या महिला ठरल्या.

ह्या परंपरेत दमयंतीबाई येतात. माहेरच्या त्या सुभेदार. एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी तीन वेळा मिळविले, आणि 1970 साली त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. बॅडमिंटनमध्ये मीना शहांनंतर हा मान मिळविणाऱ्या त्या दुसऱ्या महिला. त्या वेळी खेळात पैसा नव्हता, परदेशवाऱ्या क्वचितच होत, आणि मुलींना शिकविणारे तज्ज्ञ तर त्याहून दुर्मीळ. त्या स्थितीत देशात पहिले येणे म्हणजे काय, ह्याचा विचार आजच्या मुलींनी अवश्य करावा.

1970 सालीच त्यांचा विवाह भारतीय वायुदलातील वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ह्यांच्याशी झाला. पुरस्कार, संसार, ऐन उमेदीचे वय, सारे कसे जुळून आले होते. विवाहाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटले. 5 डिसेंबर रोजी शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करण्यास गेलेले तांबे ह्यांचे सुखोई विमान परत आले नाही. त्याच दिवसांत ढाक्याच्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. तिच्यात ‘तांबे’ ह्या नावाशी जुळणारे एक नाव होते. दमयंतीबाईंच्या आशेला आधार मिळाला तो एवढाच.

युद्ध संपले. भारताच्या हाती आलेले सुमारे 93,000 पाकिस्तानी युद्धबंदी पुढे स्वदेशी रवाना झाले. आपलेही कैदी परतले. परंतु परतलेल्यांत विजय तांबे नव्हते. युद्धात बेपत्ता झालेल्या ज्या 54 जवानांची व अधिकाऱ्यांची नावे पुढे वारंवार घेतली गेली, त्यांत त्यांचे नाव राहिले. आपल्याकडे असे कोणी कैदी नाहीत, असेच पाकिस्तान सांगत आले.

दमयंतीबाईंची स्पर्धेतली रॅकेट ह्या आघाताने खाली ठेवली गेली. खेळ मात्र सुटला नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी शारीरिक शिक्षण विभागात नोकरी धरली व तेथे उपसंचालकपदापर्यंत काम केले. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना त्यांनी मैदानावर आणले. दुसरीकडे शोध चालूच होता. मंत्र्यांना भेटणे, अर्ज करणे, इतर कुटुंबांना जोडून घेणे हे काम वर्षानुवर्षे चालले. 1983 साली बेपत्ता सैनिकांचे काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले. 2007 साली पुन्हा एक शिष्टमंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहण्यास गेले, आणि त्यात दमयंतीबाई होत्या. छत्तीस वर्षे लोटली होती. शिष्टमंडळ रिकाम्या हातांनी परतले.

कोणी म्हणेल, ह्यात विजय तो कोठे? आमचे म्हणणे असे की, फलकावरचा आकडा हलला नाही तरी खेळाडूने अंगण सोडले नाही, ह्यालाही काही मोल आहे. दुःखाने त्यांना घरात कोंडले नाही. पोटापुरते त्यांनी स्वतः मिळविले, दुसऱ्यांची मुले घडविली, आणि स्वतःच्या माणसाबरोबर परक्यांच्या माणसांसाठीही दाद मागितली. खेळाने शरीर बनते हे सर्वजण सांगतात. मनही बनते, ह्याचा दाखला हवा असेल तर तो हा आहे.

आम्हा गोमंतकीयांना ह्या हकीकतीत आणखी एका ऋणाची आठवण होते. 19 डिसेंबर 1961 रोजी हा प्रदेश मुक्त झाला, तो भारतीय सैनिकांच्या हातून. सैनिक सीमेवर जातो तेव्हा त्याच्या घरी कोणीतरी वाट पाहत असते. त्या वाट पाहणाऱ्यांची विचारपूस करणे हे समाजाचे आणि आपल्या न्यासासारख्या संस्थांचेही कर्तव्य आहे.

आता सर्वणकडे वळू. आमच्या मुली फुगडी घालतात, धालो खेळतात. गिरकी, तोल आणि दम त्यांच्या अंगी उपजतच आहे. शाळेतही त्या मागे नाहीत. तरीही संध्याकाळ झाली की मुलगे कापणी झालेल्या शेतात चेंडू घेऊन धावतात आणि मुली घरकामाला लागतात, हे चित्र आपल्याही घरांत नाही काय? 2023 साली 37 व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यातच भरल्या. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील तनिशा क्रास्टो बॅडमिंटनच्या दुहेरीत भारतातर्फे उतरली. तेव्हा हे आपल्यासाठी नव्हे, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही.

बॅडमिंटनला फार सामग्री लागत नाही. दोन खांब, एक जाळी, दोन रॅकेटी व एक फूल एवढ्यावर आरंभ होतो. वारा नसलेली जागा आणि चुन्याने आखलेल्या रेघा पुरेत. खरी अडचण सामग्रीची नसून संमतीची आहे. देवधरांच्या घरात ती संमती होती. ती आपल्या घरांतही असावी, आणि रोज तासभर तरी मुलीच्या हातातील काम आईबापांनी आपल्या हाती घ्यावे, एवढीच आमची विनंती. त्या तासाने प्रत्येक मुलगी विजेती होईल असे नाही. पण पुढे आयुष्यात कधी आकडा हलेनासा झाला, तर अंगणात उभे कसे राहावे, हे तिला ठाऊक असेल.