टिश्यू कल्चर साग : रोपाआधी निचरा तपासा

पावसाळ्याच्या तोंडावर टिश्यू कल्चर सागाच्या रोपांची मागणी नोंदवली जाते. पलसाणा तालुक्यातील शेतकऱ्यांनी आगाऊ रक्कम भरण्याआधी आपल्या जमिनीचा निचरा बघावा. इथली जमीन काळी आणि भारी. त्यात उकाई-काकरापारच्या कालव्याचे पाणी आणि वर्षानुवर्षांचा ऊस. उसाला हे मानवते, पण मुळाशी पाणी साचले की साग पिवळा पडतो आणि वाढ थांबते. जवळच्या डांग जिल्ह्यात साग जोमदार दिसतो, कारण तिथे उतारावरून पाणी निघून जाते.

रोपातून काय मिळते?

सागाचे टणक फळ सावकाश आणि कमी उगवते. शिवाय एकाच झाडाच्या बियांपासूनची रोपेही सारखी निघत नाहीत. म्हणून सरळ, उंच खोडाचे झाड निवडून त्याचे कोंब निर्जंतुक बाटलीत वाढवतात. क्षार, साखर आणि संप्रेरके असलेल्या माध्यमावर एका कोंबाचे अनेक कोंब होतात. त्यांना मुळे फुटली की रोपे ग्रीनहाऊस आणि शेडनेटमध्ये कणखर केली जातात. शंभर वर्षांच्या सागापासूनही अशी रोपे होतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मस्कारेन्हस आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवून दिले.

या पद्धतीत मातृवृक्षाचे गुण रोपात येतात, पण त्याचे वय येत नाही. सागाला भाव मिळतो तो गाभ्याच्या लाकडाला, आणि गाभा वर्षांनीच भरतो. खतपाण्याने घेर लवकर वाढला तरी कोवळ्या खोडात पांढरे लाकूडच जास्त असते. १९९० च्या दशकात सागाच्या योजनांत अनेकांचे पैसे अडकले. अशा सामूहिक गुंतवणुकीसाठी सेबीने १९९९ मध्ये नियमावली आणली. झटपट कोटींचा हिशेब कोणी मांडला तर त्याला गाभ्याबद्दल विचारा.

मे : जमीन आणि रोपवाटिका

- शेताच्या सखल भागात तीन फूट खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल, तर तिथे साग नको.
- माती तपासून घ्या. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असावा. खारवट जमीन टाळा.
- दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे काढून उन्हात तापू द्या. नंतर शेणखत मिसळलेल्या मातीने भरा.
- रोपवाटिकेला मातृवृक्ष कोणता, कुठला, हे विचारा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणन व्यवस्था आहे. त्या व्यवस्थेचे प्रमाणपत्र मागा.

जून-जुलै : लागवड

- बाटलीतून नुकतेच निघालेले कोवळे रोप शेतात तगत नाही. फूटभर उंचीचे, खोड तपकिरी झालेले रोप घ्या. आणल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून हळूहळू उन्हाची सवय लावा.
- दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी लावा. मुळांभोवतीची माती फुटू देऊ नका.
- तीन बाय तीन मीटरवर एकरी साधारण ४५० झाडे बसतात. भारी जमिनीत उंच वरंब्यावर लावा आणि बाजूने चर काढा.

पावसाळ्यानंतर

पाने खाणारी आणि पानांची जाळी करणारी, अशा दोन्ही अळ्यांवर लक्ष ठेवा. सगळी झाडे एकाच मातृवृक्षाची असतील, तर त्यांची कमजोरीही एकच असते. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या वाणांची रोपे मिसळून लावलेली बरी. पहिली दोन वर्षे तण काढा, बगलफुटी कोवळी असतानाच खुडा. पुढे फांद्या एकमेकींना भिडल्या की विरळणी करा.

लागवडीची नोंद सातबारावर करून घ्या. तोडणी आणि वाहतुकीच्या परवान्याचे नियम वन खात्याकडून आधीच समजून घ्या. तांत्रिक सल्ल्यासाठी नवसारी कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय जवळच आहे.

खड्ड्याच्या चाचणीत जमीन नापास झाली, तर ऊस मोडू नका. रस्त्याकडेच्या उंच बांधावर अडीच मीटर अंतराने थोडी झाडे लावा आणि दोन पावसाळे त्यांची वाढ बघा. ती तगली, तरच पुढे एकराचा विचार करा.