अनामत

‘अनामत’ हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतील ‘अमानत’ तोच हा शब्द. घर भाड्याने घेताना भाडेकरू घरमालकाजवळ काही रक्कम ठेवतो. तिला अनामत रक्कम म्हणतात. घर सोडताना ती परत मिळायची असते. पण विचार करा, मालकानेही आपले घर भाडेकरूच्या स्वाधीन केलेले असते. म्हणजे दोघांजवळही एकमेकांची अनामत असते.

आपल्या नागपुरातील धंतोलीचे उदाहरण घ्या. येथे दवाखाने पुष्कळ आहेत. समजा, दवाखान्यात काम करणाऱ्या एकाने येथे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अकरा महिन्यांनी घर सोडताना मालक भिंतीवरचा डाग दाखवून म्हणतात, “तुमच्या कूलरच्या पाण्याने ही ओल आली. रंगाचे पैसे अनामतीतून कापीन.” भाडेकरू म्हणतो, “डाग पहिल्यापासूनच होता.” मुलांच्या फीसाठी लागणारी रक्कम अडकून पडते. कदाचित दोघेही प्रामाणिक असतील. पण अकरा महिन्यांपूर्वीची भिंत नेमकी कोणाला आठवणार?

अशा वेळी मोबाइल कामी येतो. किल्ली घेण्याच्या दिवशी, सामान आणण्यापूर्वी, मालक व भाडेकरू यांनी मिळून घर पाहावे. दारापासून सुरुवात करून एकेक खोली क्रमाने घ्यावी. आधी प्रत्येक भिंतीचा दुरून फोटो काढावा. मग डाग, भेग, फुटलेली फरशी यांचे फोटो जवळून काढावेत. भेगेशेजारी पट्टी धरावी, म्हणजे तिची लांबी कळते. नळ, पंखे व दिवे चालू करून व्हिडिओ घ्यावा. वीजमीटरचे आकडे टिपावेत. कूलरच्या खिडकीखालची भिंत आणि पावसात गळणारे छत विसरू नये.

फोटोबरोबर खोलीवार यादीही हवी. खिडकीची कडी लागत नाही, ही गोष्ट फोटोत दिसत नाही. ती लिहावीच लागते. यादीवर दोघांनी सही करावी. सर्व फोटो त्याच दिवशी एकमेकांना ई-मेलने पाठवावेत. मोबाइलचे घड्याळ कोणीही बदलू शकतो. पण दोघांजवळ पोहोचलेल्या ई-मेलच्या तारखेवर सहसा वाद होत नाही. मूळ फोटो मात्र खोडू नयेत. घर सोडताना याच क्रमाने, त्याच जागांचे फोटो पुन्हा काढावेत व शेजारी ठेवून पाहावेत.

याबाबत कायदाही जाणून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणी केलेला असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. कलम २८ प्रमाणे मालकाला घराची पाहणी करता येते. पण आधी सूचना देऊन आणि योग्य वेळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार मोबाइलमधील नोंदही पुरावा ठरू शकते. मात्र न्यायालयात तिच्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र द्यावे लागते.

पाहणीच्या वेळी घरातील माणसांचे किंवा शेजाऱ्यांचे फोटो काढू नयेत. काढलेले फोटो इतरांना पाठवू नयेत. मोबाइल फक्त जे आहे ते दाखवतो. डाग लपवायचा नाही आणि वाढवूनही सांगायचा नाही, हे माणसांनीच ठरवायचे असते. अनामत जशी घेतली तशी परत करणे, हाच चांगल्या व्यवहाराचा पाया होय.

शब्दार्थ
भाडेकरू – किरायेदार
स्वाधीन करणे – हवाले करना
ओल – सीलन
भेग – दरार
सूचना – इत्तिला
पुरावा – सबूत

स्वाध्याय
१. मालक व भाडेकरू दोघांजवळही अनामत असते, असे का म्हटले आहे?
२. फोटोबरोबर यादी का हवी?
३. दोघे मिळून आपल्या वर्गखोलीची पाहणी करा. दिसलेल्या दहा गोष्टींची मराठीत यादी लिहा व तिच्यावर दोघेही सही करा.