चित्रांसाठीं घर, कीं घरासाठीं चित्रें?

अमेरिकेंतील न्यूयॉर्क हें काटकोनांचें नगर होय. तेथील बहुतेक रस्ते सरळ व घरें चौकोनी. परंतु त्याच नगरांत, सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानासमोर, एक गोलाकार वास्तु उभी आहे. ती खालीं निरुंद असून वर रुंदावत जाते. आधुनिक चित्रकलेचें हें गुगेनहाइम संग्रहालय.

सॉलोमन गुगेनहाइम या धनिकाच्या चित्रसंग्रहासाठीं घर बांधण्याचें काम सन १९४३ मध्यें फ्रँक लॉइड राइट या विख्यात वास्तुशिल्पज्ञाकडे आलें. तेव्हां त्यांनीं वयाची ७५ वर्षें ओलांडलीं होतीं. दालनामागून दालन पाहत शेवटास जावें आणि तितकेंच अंतर थकल्या पायांनीं परत यावें, ही संग्रहालयांची जुनी रीत त्यांस मान्य नव्हती. म्हणून त्यांनीं मध्यें मोकळा चौक ठेवला, त्यावर कांचेचा घुमट बसविला, आणि चौकाभोंवतीं काँक्रीटची एकच अखंड उतरती वाट शंखाच्या वेटोळ्यांप्रमाणें फिरविली. प्रेक्षकानें पाळण्यानें वर जावें व चित्रें पाहत सावकाश खालीं यावें, अशी ही योजना.

पण ज्यांच्यासाठीं घर, त्यांनींच हरकत घेतली. बांधकाम चालू असतां, सन १९५६ मध्यें, २१ कलावंतांनीं संग्रहालयास निषेधपत्र धाडिलें. जमीन उतरती, भिंत वक्र व मागें कललेली; मग सपाट चौकोनी चित्र तेथें नीट दिसावें कसें? राइट यांचें म्हणणें असें कीं, चित्रकाराच्या घोडीवर तरी चित्र ताठ कोठें असतें? तें मागें रेललेलेंच असतें.

कलावंतांची तक्रार निराधार नव्हती. संग्रहालयाच्या संचालकांनीं भिंतींतून धातूचे दांडे पुढें काढून त्यांवर चित्रें सरळ उभीं केलीं. राइट यांना हें पाहावयास मिळालें नाहीं. एप्रिल १९५९ मध्यें ते निवर्तले. संग्रहालय त्याच वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं उघडलें. पुढें २०१९ सालीं राइट यांच्या ज्या ८ वास्तु जागतिक वारशांत गणल्या गेल्या, त्यांत हीहि आहे.

मग जिंकलें कोण? आमच्या मतें दोन्ही पक्षांत सत्य आहे. चौकापलीकडील चित्र दुरून दिसावें, आणि फिरत येऊन तेंच पुन्हां जवळून भेटावें, हा आनंद राइट यांनीं दिला. परंतु वास्तूनें आपल्या पाहुण्यांची गैरसोय करूं नये, हें कलावंतांनीं शिकविलें. सौंदर्य व सेवा यांची सांगड घालणें, हीच वास्तुकलेची खरी कसोटी होय.

उद्यां वर्गांत बसाल तेव्हां पाहा बरें: खिडकी कोणत्या बाजूस आहे? फळ्यावर उजेड कोठून पडतो? मागच्या बाकावरील सोबत्यास अक्षर दिसतें काय? घर कोणासाठीं बांधलें आहे, याचें उत्तर तें घरच देत असतें.